काडेपेटीशेजारची गोगलगाय

सकाळी सहाला जळगावच्या मेहरूणमधल्या कुठल्याही घराची कडी वाजवा आणि विचारा, "तुमच्याकडे गोगलगाय आहे का?" समोरचं माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतं, मग मागे उभ्या असलेल्या आठ-दहा पोरापोरींकडे, मग आमच्या बादलीकडे. आणि मग ठरलेलं उत्तर येतं, "आमच्याकडे कशाला असेल? शेजारी बघा." शेजारी जावं, तर तेही म्हणणार शेजारी बघा. एका बाईंनी तर आम्हाला मतदार यादीवाले समजून घरातल्या सगळ्यांची नावं भराभर सांगून टाकली, आणि गोगलगायीचं म्हटल्यावर दार लावून घेतलं.

मी जळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि मुलं मागे मला काय म्हणतात ते मला पक्कं माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. दोन पावसाळे झाले, मी आणि माझी मुलं ही शंखी गोगलगाय शोधत फिरतोय. आपल्या बांधावरची नखाएवढी गोगलगाय वेगळी. ही मूळची आफ्रिकेतली, वाढली की मुठीत मावत नाही. पपई, मिरची, गिलकी म्हणजे घोसाळी, केळीचं कोवळं पान, जे हिरवं दिसेल ते खाते. जमिनीत अंडी घालते, पिवळसर साबुदाणा सांडल्यासारखी. स्वतःच्या पायांनी ती जाऊन जाऊन जाणार किती? लांब जाते ती माणसाच्या हातून, कुंडीत बसून, मातीच्या ट्रॉलीत बसून. ती कुठे पोचली आणि कुठे नाही हे कुणीतरी दारोदार जाऊन बघायला हवं, आणि एवढ्या गल्ल्या बघायला सरकारी माणसं कुठून आणायची? म्हणून मग आम्ही.

आमच्यात एक रिटायर पोस्टमन आहेत. त्यांना सगळे आबा म्हणतात. मेहरूणच्या कुठल्या बोळात कुठलं कुत्रं चावतं हे त्यांना तोंडपाठ, त्यामुळे पुढे आबा आणि मागे आम्ही. गोगलगायी मारायची मिठाच्या पाण्याची बादली त्यांच्याच हातात. आणि एक जामनेरची मुलगी आहे, दुसऱ्या वर्षाची. बोलते कमी, पण चूक दिसली की सोडत नाही. मोबाईलवर येणारे सगळे फॉर्म तीच तपासते.

फॉर्म तसा सोपा. जागा कुठली, गोगलगायी किती, काय खात होत्या, आणि कशी आली असावी. या शेवटच्या प्रश्नाखाली पर्याय दिलेले: नर्सरीचं रोप, मातीची ट्रॉली, विटा-वाळू, माहीत नाही. गोगलगाय सापडली की हातमोजे घालून तिच्याशेजारी काडेपेटी ठेवायची आणि फोटो काढायचा, म्हणजे आकार कळतो. काडेपेटी का, तर ती सगळ्या घरांत सापडते आणि सगळीकडे साधारण सारखीच असते. सापडली नाही, तर "दिसली नाही" असं लिहायचं आणि शोधलेल्या जागेचा फोटो टाकायचा. "नाही" हीसुद्धा माहितीच आहे. पण बघून लिहिलेली हवी.

"दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही," हे वाक्य मी त्या मुलांना इतक्या वेळा ऐकवलंय की वर्गात मी "दिसलं" म्हटलं की मागचे बाक "ते लिहायचं" म्हणतात. एका मुलाने घरी बसून तीन अंगणांची "दिसली नाही" भरली होती. त्याला मी सगळ्यांसमोर असा काही झापला की आबा मध्ये पडले. "मॅडम, पोरगं आहे, जाऊ द्या." मी म्हटलं, "आबा, तुम्ही कधी न वाटलेलं पत्र वाटलं म्हणून लिहिलंत का?"

अशात धुळ्याहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला माझ्याहून वर्षं जास्त आणि राग दुप्पट. "तुझी ती पलटण घेऊन ये इकडे," ती म्हणाली. "माझी गिलकी खाल्ली, पपई खाल्ली. आणि मला माहितीये ती कुणाकडून आली. फक्त तू येऊन कागदावर दाखव, म्हणजे झालं."

तिचा रोख शेजारच्या मावशींवर होता. मधल्या भिंतीवर पहिली गोगलगाय दिसली ती त्याच्या आदल्या पावसाळ्यात, आणि अक्काच्या म्हणण्याप्रमाणे तिचं तोंड अक्काच्या घराकडे होतं. एवढ्यावरून निकाल लागला. मावशी काही बोलल्या नाहीत, तर अक्का म्हणाली, बोलणार काय, चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

हे वाचून कुणी हसेल, पण मला हसू येत नव्हतं. या दोघी वीस वर्षं उन्हाळ्यात एकत्र बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या. ज्वारी भिजवायची, दळायची, शिजवून घाटायची आणि गरमगरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायची. एकीने वाढायचं, दुसरीने थापायचं. मध्ये कुणी थांबलं की गेलंच. दाजी वारल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अक्का म्हणाली होती, यंदा नको. मावशी ज्वारीची पाटी घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत. तीच अक्का मागच्या उन्हाळ्यात एकटीने बिबडे घालायला बसली. सगळे फाटले. मला डबा पाठवला त्यात एक अख्खा नव्हता, आणि वर फोनवर म्हणते, "चव तीच आहे ना? मग झालं." मी हो म्हटलं. चवही तशी नव्हती.

श्रावणात आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. सहा मुलं, आबा आणि मी. तिथल्या एका कॉलेजची पाच-सहा मुलंही येऊन मिळाली. अक्काने आदल्या संध्याकाळी शेवभाजी केली होती. आबांना घाम फुटला तरी त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतली. अक्का खूश होती. तिला वाटत होतं आपण साक्षीदार जेवू घालतोय.

पहाटे उजाडताना सगळी कॉलनी पालथी घातली. आदल्या दिवशी मुलांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती अंगणाअंगणांत टाकून ठेवली होती. गोगलगायी गुळाच्या वासाने पोत्याखाली जमतात. मावशींनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, माझ्याशी दोन शब्द बोलल्या, चहा दिला. भिंतीपलीकडून अक्का खाकरली. मावशींनी तिकडे बघितलं नाही.

नऊ वाजता अक्काच्या ओट्यावर जामनेरच्या मुलीने मोबाईलवर नकाशा उघडला. प्रत्येक घराला एक ठिपका, जास्त गोगलगायी तिथे मोठा ठिपका. गल्लीच्या दोन्ही टोकांना ठिपके नव्हतेच. मावशींच्या अंगणात बारीकसा, तोही भिंतीला लागून, आणि त्यातली सगळी पिल्लं. सर्वांत मोठा ठिपका अक्काच्या मागच्या अंगणात, केळीच्या बेटापाशी. जुन्या, काडेपेटीच्या दुप्पट लांबीच्या सगळ्या गोगलगायी तिथेच सापडल्या होत्या.

"म्हणजे?" अक्काने विचारलं.

"म्हणजे इथून तिकडे गेल्या, अक्का," मुलगी म्हणाली. तिला आडपडदा माहीत नाही.

अक्काचा चेहरा उतरला. माझ्या बहिणीला मी रागावलेली हजारदा बघितली आहे, पण तशी कधी बघितली नव्हती. ती भिंतीकडे बघत राहिली. वर्षभर जे काय बोलली असेल ते तिला त्या क्षणी सगळं आठवत असणार.

मुलगी पुढे म्हणाली, "अक्का, ही केळी कुठून आणली?"

"आणली कुठून म्हणजे? वानोळा आहे तो." अक्काचा आवाज जरा वर आला. आपल्याकडे शेतात-परसात जे पिकेल, त्यातलं थोडं आधी आपल्या माणसाकडे जातं, तो वानोळा. त्याचा अभिमान असतोच. "वाऱ्यात माझं जुनं बेट पडलं, तेव्हा हिनेच तर आणून दिले दोन मुनवे. हिच्या मेहरूणच्या अंगणातले. चांगले मातीसकट, गोणपाटात बांधून."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

केळीच्या बुडाशी जो कोंब येतो तो मुनवा. मी दोन मुनवे काढून, मांडीवर घेऊन, जळगाव ते धुळे एसटीत बसून आणले होते. माझ्या साडीला लागलेली माती मला आठवली. तरी मी ठसक्यात म्हटलं, "माझ्या अंगणात एकही नाही. मी फॉर्म भरलाय. बघा पाहिजे तर."

मुलीने बघितलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या फॉर्मला फोटो नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी फॉर्म भरला होता हे खरं. पहिल्याच आठवड्यात, स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता. माझं अंगण मला माहीत नाही का? रोज तुळशीला पाणी घालते, रोज झाडते. केळीच्या मागे, टाकीच्या आडोशाला मी किती दिवसांत गेले नव्हते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. उलट त्या मुलीवरच ओरडले. "फोटो राहिला असेल एखादा! एवढं काय त्यात?" ज्या मुलाला मी झापलं होतं तो माझ्यासमोरच उभा होता. तो रिकामी पोती गोळा करायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

परतीची एसटी पारोळ्याला थांबली. आबांनी सगळ्यांना खारे शेंगदाणे वाटले. मला पुडी देताना म्हणाले, "मॅडम, पत्र वाटायचं राहिलं तर मी दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचो. घेणारा रागवायचा, पण घ्यायचा." एवढं बोलून खिडकीकडे वळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण शेंगदाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्याच अंगणात चोरासारखी गेले. संध्याकाळीच टाकीमागे पोतं टाकून ठेवलं होतं. ते उचललं आणि कपाळावर हात मारला. एक, दोन, पाच, नऊ. केळीच्या बुडाशी आणखी. टाकीच्या ओलीवर आणखी. माती खुरप्याने उकरली, तर पिवळसर साबुदाणा. एकूण एकोणतीस मोजल्या. त्यातली एक तर अशी मोठी की ती मला ओळखत असावी.

खरं सांगते, पहिला विचार काय आला? मिठाच्या पाण्याची बादली जवळच होती. सगळ्या त्यात टाकायच्या, अंडी जाळायची, माती उलटीपालटी करायची, आणि मग निवांत फोटो काढायचा: "दिसली नाही." तोपर्यंत ते खरंही झालं असतं! कुणाला कळणार होतं? नोकरीला एवढी वर्षं झाली, मुलांसमोर मान खाली घालायची सवय मला नाही. मी दोन गोगलगायी उचलून बादलीवर धरल्यासुद्धा.

मग अक्काचा तो चेहरा आठवला. मी गप्प बसले तर सगळं तिच्याच नावावर राहणार होतं. ती मावशींकडे जाऊन 'माझी चूक झाली' असं म्हणणार नाही, कधीच नाही, तिची मान मोडेल पण वाकणार नाही. आणि मावशी आपणहून येणार नाहीत. म्हणजे दोन म्हाताऱ्या बायका एका भिंतीच्या दोन बाजूंना, जन्मभर, माझ्या एका खोट्या फॉर्मपायी. मला स्वतःची लाज वाटली. मी गोगलगायी खाली ठेवल्या आणि स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली.

आमच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "माझं अंगण. एकोणतीस, शिवाय अंडी. आधीचा फॉर्म मी न बघता भरला होता. तो खोटा आहे. ज्याला मी यावरून बोलले, त्याची माफी मागते."

मग आबांनी नुसते जोडलेले हात पाठवले. त्या झापलेल्या मुलाने लिहिलं, "मॅडम, बादली घेऊन येऊ का?" आणि मग जामनेरच्या मुलीचा निरोप आला: "मॅडम, काडेपेटी तिरकी आहे. माप नीट येत नाही. फोटो परत पाठवा." मी मोठ्याने हसले. एकटीच, अंगणात, हातमोजे घालून. फोटो परत पाठवला.

त्या रविवारी मी पुन्हा धुळ्याची एसटी धरली, या वेळी एकटीने. अक्काला म्हटलं, चल भिंतीपाशी. ती म्हणाली, कशाला? म्हटलं, चल तर. पलीकडे मावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना हाक मारली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गोगलगाय माझी. माझ्या मुनव्यांबरोबर, माझ्या मातीतून, माझ्या मांडीवर बसून धुळ्याला आली. अक्काला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही तर यात कुठेच नाही.

मावशींनी मेथीची काडी बाजूला ठेवली. "माले माहीत व्हतं," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या.

"काय माहीत होतं?" अक्का पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

तेव्हा कळलं ते असं. मी दोन मुनवे आणले, त्यातला एक अक्काने त्याच संध्याकाळी मावशींना नेऊन दिला होता. वानोळ्यातला वानोळा. मावशींनी तो लावताना मुळाशी एक गोगलगाय बघितली, मिठाच्या पाण्यात टाकली आणि मुनवा लावला. वाटलं, एकच असेल. पुढे अक्काकडे झाल्या तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं.

"मग बोलली का नाहीस?" अक्का ओरडलीच. "वर्षभर मी तुला नाही नाही ते बोलले! तू एका शब्दाने सांगायचं नाही?"

"वानोळाले कोनी नाव ठेवस का?" मावशी म्हणाल्या. "बहीननी लांबथून आनेल. त्यामां किडा व्हता, असं तुले कसं सांगू?" त्यांनी पदराने हात पुसले. "बोलनं काय, ऐकी लिधं. पन बिबडा करतांना तुन्ही याद ऊनी."

आठवण आली हे ऐकलं आणि अक्का भिंतीवर दोन्ही हात ठेवून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "माझे सगळे फाटले गं." मावशी म्हणाल्या, "मनाबी." आणि त्या हसल्या, आणि मग अक्काही. मला दोघीही विसरल्या. मी उरलेली मेथी निवडली.

जळगावला आल्यावर आम्ही फॉर्म बदलला. "कशी आली असावी" याखाली नवीन पर्याय टाकला: वानोळा. त्याखालची पहिली नोंद माझ्या बहिणीच्या अंगणाची, आणि कुणी आणला या ठिकाणी माझं नाव. माझ्याकडे कुठून आली ते मला अजून सापडलेलं नाही. तिथे "माहीत नाही" लिहिलंय, कारण तेच खरं आहे. आबा हल्ली दारात गेल्यावर गोगलगाय आहे का असं विचारतच नाहीत. ते विचारतात, "ताई, कुणी प्रेमानं रोप दिलंय का एवढ्यात?" मग लोक हौसेने आत नेतात. हे जास्वंदीचं नणंदेने दिलं, ही मिरची भावाकडची. कुंडी उलटी करून बघू देतात. जामनेरकडून, रावेरकडून नोंदी यायला लागल्या, आणि त्यांत वानोळा पुष्कळ असतो. शेजाऱ्याकडे बोट दाखवणं कमी झालंय. वानोळा बंद करा असं आम्ही कुणाला सांगत नाही, सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. मुळं धुऊन, माती झटकून, उलटसुलट बघून द्या, एवढंच सांगतो.

या उन्हाळ्यात धुळ्याहून डबा आला. उघडण्याआधीच अक्काचा फोन. "बघितलंस का उलटंपालटं करून?"

"बिबड्यांत गोगलगाय कुठून येणार?"

"वाटलं ते नको सांगू. बघ आधी." मागून मावशींचं हसू ऐकू आलं.

मी डबा टेबलावर रिकामा केला. बिबडे एकेक करून उचलले, दोन्ही बाजूंनी बघितले, काडेपेटी सरळ ठेवली आणि फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, "दिसली नाही." मग पुन्हा एकदा सगळे बघितले. एकही फाटलेला नव्हता.